अनुदानाचा हिशेब आणि हक्काचा कागद

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की बाची येते आणि पुढे शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात. माती एक, पाऊस एक, बांधावरची भाषाही एक. परंतु शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होणारे सरकारी द्रव्य मात्र एक नाही. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये दोघांसाठीही आहेत. २०२३ साली महाराष्ट्राने त्यांत स्वतःच्या आणखी ६,००० रुपयांची भर घातली. त्याच वर्षी कर्नाटकात सत्तांतर झाले आणि त्या राज्याची ४,००० रुपयांची भर बंद पडली.

हा फरक पुढे करून ‘विलीनीकरण का हवे, ते पाहा!’ असे सांगण्याचा मोह आमच्या काही कार्यकर्त्यांना होत आहे. तो त्यांनी आवरावा. २०१९ नंतरची काही वर्षे हीच तागडी उलट झुकली होती. बाचीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला १०,००० रुपये होते आणि शिनोळीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ६,०००. तेव्हा सीमावासीयांनी आपली मागणी मागे घेतली काय? अनुदाने सत्तेबरोबर येतात आणि सत्तेबरोबर जातात. १९५६ सालच्या जानेवारीत ज्या मागणीसाठी बेळगावच्या रस्त्यावर रक्त सांडले, तिचे मोल तीन हप्त्यांत मोजणे हा हुतात्म्यांचा उपमर्द होय.

खरा अन्याय रकमेत नाही, कागदात आहे. हा निधी मिळतो जमिनीच्या नोंदीवरून. आणि ती नोंद ज्या उताऱ्यावर असते, तो सीमाभागातील मराठी शेतकऱ्याच्या हाती कानडीत पडतो. आपल्याच बापजाद्यांच्या शेताचे क्षेत्र किती, त्यावर बोजा कोणाचा, वारसांत नावे कोणाची, हे त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे! नाव देवनागरीतून कानडीत आणि तेथून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर बदलले, नोंद आणि आधारपत्र जुळले नाही, की हप्ता अडतो. अडलेला हप्ता उद्या सुटेल. पण न वाचता अंगठा उठवलेल्या कागदाने गेलेली जमीन परत कोण देणार?

तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर उतारा, नोटीस आणि अर्जाचा नमुना मराठीतून मिळालाच पाहिजे. यात कानडी भाषेचा द्वेष नाही. जत-अक्कलकोटच्या कानडी शेतकऱ्याला त्याचा कागद कानडीत मिळावा, असेच आम्ही महाराष्ट्र सरकारलाही बजावू. जो न्याय आपण मागतो, तो देण्याचीही आपली तयारी हवी.

तेव्हा गावोगावच्या समित्यांनी आता भाषणे थोडी कमी करावीत. देवळाच्या ओवरीत बसून प्रत्येक घरचा उतारा जाणत्याकडून वाचून घ्यावा, चूक सापडेल तेथे मराठीतून अर्ज लिहावा, आणि कचेरीची पोच घेतल्याखेरीज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये. एक अर्ज फेटाळता येतो. गावागावांतून आलेले शेकडो अर्ज टोपलीत मावत नाहीत. निधीचा हप्ता आला तर तो जरूर घ्यावा. तो रयतेच्याच कराचा पैसा आहे, कोणाची खिरापत नव्हे. पण त्या हप्त्याच्या मोबदल्यात मुकेपणा पत्करू नये.