हमी संपली, लूट सुरू झाली

प्रवरेच्या काठी वसलेल्या अकोल्याच्या बाजारपेठेत दसरा-दिवाळीच्या दिवसांत गृहोपयोगी यंत्रांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. राजूर, कोतूळ, समशेरपूर या परिसरातील कुटुंबे वर्षभराच्या बचतीतून, नाहीतर मासिक हप्त्यांवर, फ्रीज किंवा कपडे धुण्याचे यंत्र घेऊन घरी जातात. यंत्रावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते, हळदकुंकू वाहिले जाते आणि हमीपत्र कपाटातील महत्त्वाच्या कागदांमध्ये जपून ठेवले जाते. त्या हमीपत्राची मुदत ज्या दिवशी संपते, त्या दिवसापासून कुटुंब आणि कंपनी यांचे नाते पालटते. कालपर्यंतचा 'सन्माननीय ग्राहक' आज एका विचित्र वस्तूचा धनी ठरतो. तिचे पैसे त्याने पूर्ण चुकते केले आहेत; पण ती उघडण्याचा, तिचे दुखणे समजून घेण्याचा आणि आपल्या विश्वासातील कारागिराकडून ती दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार मात्र व्यवहारात त्याच्या हाती उरलेला नाही.

पुढचा क्रम बहुतेक घरांना तोंडपाठ आहे. सह्याद्रीच्या कुशीतील दमट पावसाळा आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या पाचवीला पुजलेला विजेचा कमी-अधिक दाब यांमुळे एके दिवशी यंत्र बंद पडते. कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली जाते. चार-आठ दिवसांनी संगमनेरहून किंवा नाशिकहून तंत्रज्ञ येतो. झाकण उघडण्यापूर्वीच भेटीचे शुल्क ठरलेले असते. तो पाच मिनिटे पाहतो आणि निदान सांगतो, 'सर्किट गेले.' सर्किटवरील नेमका कोणता भाग जळाला, हे पाहण्याची त्याला मुभा नसते आणि अनेकदा तसे प्रशिक्षणही नसते. संपूर्ण सर्किट बदलणे एवढाच उपाय त्याला शिकवलेला असतो. समजा, यंत्र बावीस हजारांचे आहे आणि सर्किट, मजुरी व १८ टक्के कर मिळून खर्च नऊ हजारांवर गेला. तर गृहस्थ विचारात पडणारच. नेमक्या त्या क्षणी तंत्रज्ञ आपुलकीच्या स्वरात सुचवतो, 'यापेक्षा नवीनच घ्या ना!' यंत्राचे आयुष्य खरोखर संपलेले नसते. ते संपले असे ग्राहकाला पटवून दिले जाते.

दहा वर्षांच्या हमीचा अर्थ

जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेली 'दहा वर्षांची हमी' हा या खेळाचा पहिला डाव आहे. हमीपत्रावरील बारीक अक्षरे वाचली, तर ही दहा वर्षे सामान्यतः केवळ कंप्रेसरची किंवा केवळ मोटारीची असतात, असे ध्यानात येते. तो कंप्रेसर चालवणारे सर्किट, त्यात भरावा लागणारा वायू, बसवण्याची मजुरी, ने-आण या साऱ्यांचा भार पहिल्या वर्षानंतर बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो. जो भाग सहसा बिघडत नाही त्याची दीर्घ हमी द्यावयाची आणि जो हमखास बिघडतो त्याविषयी मौन पाळावयाचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरा डाव यंत्राच्या रचनेतच दडलेला असतो. कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग ही वस्तुतः अल्प किमतीची वस्तू; पण टाकीचे दोन भाग कायमचे जोडून टाकले की बेअरिंगसाठी संपूर्ण टाकी बदलावी लागते. ओलाव्यापासून संरक्षण म्हणून सर्किट राळेत बुजवले जाते. हे संरक्षण खरे आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे दोन-चार रुपयांचा घटक बदलण्याची वाटही बुजते. तिसरा डाव सुट्या भागांचा. ते मोकळ्या बाजारात मिळत नाहीत, त्यांची किंमत कोठे जाहीर नसते आणि काही वर्षांनी 'हे मॉडेल बंद झाले' या एका वाक्याने विषय संपवला जातो.

वस्तूचे आयुष्य हेतुतः आखूड करण्याची ही बुद्धी नवी नाही. १९२४ साली जिनिव्हा येथे जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी 'फिबस' नावाचा संघ स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवण्याचे ठरवले. त्याहून अधिक काळ टिकणारा दिवा बनवणाऱ्या सदस्याला दंड होत असे! टिकाऊ वस्तू बनवणे हा जेथे अपराध ठरतो, तेथे ग्राहकाचे हित कोणत्या भरवशावर सुरक्षित मानावयाचे?

दुरुस्ती हा येथील संस्कार

भारतीय घराला दुरुस्ती ही कधीच कमीपणाची गोष्ट वाटली नाही. पितळी भांड्यांना कल्हई लावणारा, पाट्याला टाकी लावणारा, छत्रीची काडी बसवणारा ही मंडळी गावोगाव हिंडत. बलुतेदारीच्या काळात लोहार आणि सुतार वर्षभर शेतकऱ्याची अवजारे नीट राखत आणि सुगीला आपला धान्याचा वाटा घेत. त्या व्यवस्थेतील उच्चनीचता लयाला जाणे आवश्यकच होते व तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि एक तत्त्व तीत होते: अवजार ज्याच्या गावात, त्याची दुरुस्तीही त्याच गावात.

या तत्त्वाचा अर्थ अकोले तालुक्याला वेगळा समजावून सांगावयास नको. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जतन केले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने जे ओळखले, ते फार मोलाचे आहे. संकरित बियाणे दर हंगामाला विकत आणावे लागते. घरचे बियाणे शेतकऱ्याला स्वाधीन राखते. देशाच्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा शेतकऱ्याचा हक्क नोंदवला. बियाण्याच्या बाबतीत जो न्याय लागू होतो, तोच घरातील यंत्राला का लागू होऊ नये? विकत घेतलेली वस्तू जिवंत ठेवण्याचे ज्ञान आणि साधने विकणाऱ्याच्याच मुठीत राहणार असतील, तर ती खरेदी नव्हे. ते हप्ते भरून घेतलेले भाडे होय.

कंपन्यांचे युक्तिवाद

कंपन्यांची बाजूही तपासून पाहावयास हवी. त्या म्हणतात, अप्रशिक्षित हाताने यंत्र उघडले तर विजेचा धक्का बसेल, ज्वलनशील वायूचा स्फोट होईल. धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय प्रशिक्षण आणि माहितीपत्रके खुली करणे हा आहे. कुलूप लावणे हा नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वातानुकूलन व इलेक्ट्रॉनिक्स शिकून दरवर्षी तरुण बाहेर पडतात. त्यांना सुटे भाग आणि आराखडे मिळाले, तर अकोल्यातील यंत्र अकोल्यातच सुरक्षितपणे दुरुस्त होईल आणि गावातील तरुणाला गावातच प्रतिष्ठेचा रोजगार मिळेल.

दुसरा युक्तिवाद स्वस्ताईचा. ग्राहकालाच स्वस्त यंत्र हवे असते, मग ते अल्पायुषी असणारच, असे सांगितले जाते. यात ग्राहकाचाही दोष आहे, हे प्रांजळपणे मान्य करावे. शेजाऱ्याकडे मोठा पडदा आला म्हणून आपला चालता दूरदर्शन संच अडगळीत टाकणारी घरे थोडी नाहीत. परंतु स्वस्त वस्तूची दुरुस्ती महाग का, या प्रश्नाचे उत्तर या युक्तिवादात नाही. ते उत्तर मक्तेदारीत आहे.

आणि ही केवळ ग्राहकाची कुरकुर नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र कारागिरांना न देण्याच्या कारणावरून. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली. पण दुरुस्तीची वाट अडवणे हा मक्तेदारीचा गैरवापर ठरू शकतो, हे तत्त्व त्या निकालाने मांडले. मोटारीच्या मालकाला लागू पडणारा विचार फ्रीजच्या मालकिणीला का नाकारावा?

युरोपला दहा वर्षे, अकोल्याला काय?

युरोपीय संघात २०२१ पासून फ्रीजचे महत्त्वाचे सुटे भाग किमान सात वर्षे, तर कपडे धुण्याच्या यंत्राचे दहा वर्षे कारागिरांना उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही यंत्रांवर, ती किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापावे लागतात. हमी संपल्यानंतरही वाजवी दरात दुरुस्ती करून देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा निर्देश युरोपने २०२४ साली संमत केला. त्याच बहुराष्ट्रीय कंपन्या भारतात धंदा करतात. मग तेथील ग्राहकाला जे कायद्याने मिळते, ते येथे का मिळू नये?

केंद्र शासनाने या दिशेने पावले टाकली, ही स्वागतार्ह बाब आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निश्चित झाली. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकासाठी २०२४ साली नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. तिचा भर मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आहे. तथापि कंपन्यांनी स्वखुशीने माहिती द्यावी, एवढ्याने भागणार नाही. विजेच्या बचतीचे तारे फ्रीजवर छापणे सक्तीचे होऊ शकते, तर दुरुस्तीचे गुणही सक्तीचे व्हावयास हवेत. सुट्या भागांची कालमर्यादा आणि छापील किंमत कायद्यात यावी. नव्या वातानुकूलन यंत्रांवरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला; दुरुस्तीवरील १८ टक्के मात्र तसेच राहिले. जुने टिकवणाऱ्यालाही थोडी सवलत मिळावयास नको काय?

ग्राहकाने संघटित व्हावे

केवळ शासनाकडे बोट दाखवून चालणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, तेव्हा ग्राहकाला कायद्याचे कवचच नव्हते. संघटनेच्या बळावर जागृती झाली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. आज २०१९ चा नवा कायदा हाती आहे. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. अहिल्यानगर अकोल्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असले, तरी तक्रार घरबसल्या संगणकावरून दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर प्राथमिक दाद मिळते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र विसरता कामा नये.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांवर येथे विशेष जबाबदारी आहे. परकीय कंपनीने अडवले तर लूट आणि देशी कंपनीने अडवले तर नाइलाज, असा दुटप्पीपणा उपयोगाचा नाही. देशी उत्पादकांनी दुरुस्तीयोग्य वस्तू बनवून जगापुढे आदर्श ठेवावा, एवढे मागण्याचा हक्क त्यांच्या ग्राहकाला आहेच.

यंदाच्या दिवाळीत दुकानाची पायरी चढताना किमतीआधी चार प्रश्न विचारावेत. हमी नेमकी कोणत्या भागांवर? सर्किटची किंमत किती? सुटे भाग किती वर्षे मिळतील? दुरुस्तीला माणूस कोठून येईल? उत्तरे लेखी मागावीत. ती मिळत नसतील तर पुढच्या दुकानात जावे. एका ग्राहकाला दुकानदार हसेल. पण एकाच बाजारपेठेत शंभर कुटुंबे हेच प्रश्न विचारू लागली, तर दुकानदाराला ते वितरकाला आणि वितरकाला कंपनीला विचारणे भाग पडेल.