उन्हातील शर्यत



शर्यत संपली की जिंकणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. वाटेत जो कोसळला त्याचे नाव दुसऱ्या दिवशी कोणास आठवत नाही. प्रस्तुत लेख त्या वाटेत कोसळलेल्या मुलाविषयी आहे, आणि काही अंशी माझ्या स्वतःच्या चुकीविषयीही आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात खडकवासल्यास मुलांची तीन किलोमीटरांची शर्यत भरली होती. धरणाच्या कडेने सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता हाच शर्यतीचा मार्ग. वेळ सकाळी सातची ठरली होती. परंतु पाहुणे यावयास साडेनऊ झाले; मग सत्कार, मग हार, मग भाषणे. प्रत्यक्ष शिटी वाजली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. तोपर्यंत मुले रांगा धरून उन्हात उभी. एका बाजूस जलाशयाचे पाणी डोळ्यांस शीतल दिसत होते, पण पायांखालचे डांबर तापले होते आणि वाटेवर सावली म्हणून नव्हती.

आमच्या नववीच्या वर्गातील एक मुलगा सुरुवातीपासून पुढे होता. शेवटचा टप्पा उरला असता त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. मी ओरडलो, “थांबू नकोस, थोडेच उरले आहे!” माझे ऐकून तो आणखी तीसेक पावले धावला आणि पडला. जवळ जाऊन पाहतो तो त्यास मी कोण हे ओळखू येईना. कोणी म्हणाले, “अंग घामाने भिजले आहे, त्या अर्थी ऊन लागलेले नव्हे.” कोणी कांदा आणावयास धावले, कोणी गाडी शोधू लागले. त्या गर्दीतून वाट काढून शेजारच्या रसवंतीचा मालक आला. त्याने मुलास आपल्या मांडवाच्या सावलीत निजविले, पिंपातले पाणी त्याच्या अंगावर ओतले, आणि गोणपाटात गुंडाळलेला बर्फ फोडून मानेस, काखेत व जांघेत लावला. तो पाणी ओतीतच राहिला. काही वेळाने मुलाने डोळे उघडून माझे नाव घेतले. पुढे त्यास रुग्णालयात नेले व तो बरा झाला. आम्हां सुशिक्षितांपैकी एकासही जे सुचले नाही ते त्या उसाचा रस विकणाऱ्या गृहस्थास सुचले, ही गोष्ट मी आजवर विसरलो नाही.

यावरून उन्हात धावूच नये असे माझे मत झाले आहे काय? मुळीच नाही. आपला देश उष्ण आहे; उन्हास भिऊन मैदाने ओस पाडली तर मुलांच्या शरीरांचे नुकसानच होईल. माझे म्हणणे एवढेच की, उन्हातील शर्यत ही केवळ धैर्याची बाब नसून ज्ञानाचीही आहे. आणि ते ज्ञान मुलांपेक्षा आम्हां वडीलधाऱ्यांस अधिक हवे.

“तीन किलोमीटर म्हणजे काय मोठेसे?” असे पुष्कळांस वाटते. याचा थोडा हिशेब करू. धावताना शरीर जी शक्ती खर्च करिते तिचा लहानसा भागच गतीच्या कामी येतो. तीन चतुर्थांशाहून अधिक शक्तीची उष्णता होते. चाळीस किलो वजनाचा मुलगा तीन किलोमीटर धावला तर सुमारे १२० किलोकॅलरी खर्च होतात व त्यांतल्या ९० हून अधिक उष्णतारूपाने अंगातच निर्माण होतात. एवढ्या देहाचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ३३ किलोकॅलरी पुरतात. अर्थात ही उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर सदतीस अंशांचा देह तीन किलोमीटरांत चाळिसांच्या घरात जाऊन पोचेल. आणि मुलगा आधीच तासभर उन्हात उभा राहून तापलेला असेल तर? चाळीस अंशांच्या पलीकडे मेंदूचा कारभार बिघडू लागतो. त्या मुलाने मला ओळखले नाही याचे कारण हेच.

ही उष्णता बाहेर टाकण्याची युक्ती ईश्वराने आपल्या कातडीत ठेविली आहे, आणि कुंभाराने ती माठात साधली आहे. माठातून पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते आणि सुकताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, घामाचेही तसेच. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता हरण करितो. म्हणजे वरील मुलास पेलाभर घाम पुरे. पण तो वाळला पाहिजे. टपटप खाली गळलेला घाम काही उपयोगाचा नाही. दमट हवेत माठातले पाणी गार होत नाही, त्याचप्रमाणे दमट हवेत धावणाऱ्याचा देहही थंड होत नाही. तेव्हा अंगावर घाम आहे म्हणून धोका नाही, हा समज खोटा होय. धावून धावून ज्यास उष्माघात होतो त्याचे अंग पुष्कळदा घामाने चिंब असते.

येथे एक भेद ध्यानात धरावा. शंभर मीटरांच्या शर्यतीत उष्णता साचावयास अवधीच मिळत नाही. उलट स्नायू उबदार असले तर पाय चपळ चालतात. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत, मिशनरी आईबापांचा पुत्र एरिक लिडेल याने ११ जुलै रोजी चारशे मीटरांची शर्यत ४७·६ सेकंदांत जिंकली. लगेच दुसऱ्या दिवशी त्याच शहरात सुमारे साडेदहा किलोमीटरांची रानावनातील शर्यत झाली. पारा चाळीस अंशांच्या वर गेला होता. अडतीस धावपटू निघाले. पंधराच शेवटास पोचले. कित्येकांस डोलीवर घालून न्यावे लागले. जिंकला तो फिनलंडचा पावो नुर्मी, जो हातात घड्याळ घेऊन समगतीने धावण्याबद्दल प्रसिद्ध होता. ती शर्यत ऑलिंपिकमधून पुढे कायमचीच वगळण्यात आली. तात्पर्य, मिनिटभराची धाव आणि दहा ते चाळीस मिनिटांची धाव यांचे नियम निराळे. दुसऱ्या प्रकारास आपण ‘छोटी’ म्हणतो, म्हणून आरंभापासून जिवाच्या आकांताने धावतो, आणि म्हणूनच ती घातक ठरते. कारण जितका वेग अधिक तितकी उष्णता अधिक त्वरेने साचते.

आता धावणाऱ्याने काय करावे ते सांगतो. उन्हाची सवय एका दिवसात होत नाही. दहा ते चौदा दिवस रोज थोडे थोडे धावून देहास ती लावावी लागते. ज्याने हिवाळाभर सराव केला व उन्हाळ्यात महिनाभर घरात बसला, त्याने एकदम शर्यतीत उतरू नये. ज्यास आदल्या दिवशी ताप अथवा जुलाब झाले असतील त्याने तर मुळीच उतरू नये. शर्यतीपूर्वी दोनतीन तास पुरेसे पाणी प्यावे. ताक, पन्हे, कोकमाचे सरबत हीही उत्तम. परंतु पाणी प्याले म्हणजे ऊन बाधत नाही, असे मात्र समजू नये. अंग सैल करावयाचे ते सावलीत व थोडकेच. शिटी वाजण्यापूर्वी डोके, मान व हात भिजवून घ्यावेत. कपडे सैल, पातळ व फिकट रंगाचे असावेत. पहिला तिसरा हिस्सा मनास वाटेल त्याहून सावकाश धावावा. आणि अंगावर काटा येणे, डोके गरगरणे, पाय आपले नसल्यासारखे वाटणे यांपैकी काही झाले तर तत्क्षणी थांबावे. खिशातील कांद्यावर भरवसा ठेवू नये. तो भाकरीबरोबर खावा.

शिक्षक, पालक व आयोजक यांचे कर्तव्य याहून मोठे आहे. पुण्यास एप्रिलात दुपारी पारा अडतीस अंशांच्या आसपास असतो; ३० एप्रिल १८९७ रोजी तर तो ४३·३ पर्यंत चढल्याची नोंद आहे. पण याच महिन्यात सूर्योदयाच्या सुमारास हवा सुखद असते. मग शर्यत पहाटे का नसावी? पाहुण्यांस उशीर झाला तर भाषणे मागाहून होवोत. मुलांची धाव सूर्याच्या वेळापत्रकाने व्हावी, पाहुण्यांच्या नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे एका समारंभास भर उन्हात बसलेल्या जनसमुदायापैकी चौदा माणसे उष्माघाताने दगावली. ती धावत नव्हती, केवळ बसली होती. मग धावणाऱ्या मुलांची गोष्ट काय सांगावी!

शिवाय शर्यतीच्या शेवटी पाण्याने भरलेला एक मोठा टब व बर्फ हवाच. अमेरिकेतील फालमथ गावी ऑगस्टात सुमारे सव्वाअकरा किलोमीटरांची शर्यत होते. तेथे अठरा वर्षांत २७४ धावपटूंस उष्माघात झाला. डॉक्टरांनी त्यांस जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बसविले, आणि त्यांपैकी एकही दगावला नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, हाच त्यातील धडा. टब नसेल तर ताडपत्रीची झोळी करून तीत मुलास निजवावे व पाणी ओतावे. मात्र धरणाचे पाणी जवळ आहे म्हणून भोवळ आलेल्यास त्यात उतरवू नये. त्या पाण्याने आजवर कितीतरी घरांचे दिवे विझविले आहेत.

कोणी म्हणेल, “आमच्या काळी हे लाड नव्हते. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर खेड्यांतील पोरे अनवाणी धावत; ती पाहूनच सर दोराबजी टाटा यांस हिंदी खेळाडू ऑलिंपिकास धाडण्याची स्फूर्ती झाली, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पची मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील छात्रसैनिकही डोंगर तुडवीत धावतातच ना?” गोष्ट खरी आहे. परंतु त्या खेडुतांचे देह शेताच्या उन्हात वर्षानुवर्षे घडले होते, आणि छात्रसैनिकास रोजच्या शिस्तीने पायरीपायरीने तेथवर चढविले जाते. वर्गात पंख्याखाली बसणाऱ्या मुलास वर्षातून एक दिवस रस्त्यावर उभे करून त्यांच्याशी त्याची तुलना करणे हे कणखरपण नव्हे, अविचार होय.

आणखी एक गोष्ट पालकांस नम्रपणे विनवितो. आपण मुलांस “हार मानू नकोस” हे शिकवितो; ते योग्यच. परंतु “आता थांब” हे ऐकण्याची व म्हणण्याची सवय त्यांस आपण लावितो काय? थांबणाऱ्यास आपण भित्रा म्हणतो. म्हणून मूल पडेपर्यंत धावते. जो आपल्या देहाची हाक ओळखतो तो भित्रा नसून स्वतःचा धनी आहे.

तो मुलगा पुढील वर्षी पुन्हा धावला. या खेपेस शर्यत उजाडताच झाली. अर्ध्या वाटेवर त्याने गती कमी केली, पाण्याचा तांब्या घेऊन डोक्यावर ओतला व सातव्या क्रमांकाने पोचला. त्याला पदक मिळाले नाही. मी त्याच रस्त्याच्या कडेला उभा होतो. तो जवळून गेला तेव्हा मी एवढेच म्हणालो, “सावकाश, बाळ.” तो हसला. माझ्या आधीच्या वर्षीच्या शब्दांची फेड त्याने त्या हसण्यात केली, असे मला वाटले.