अधीक्षकाच्या सहीने लस टोचू नका

"पालकांना विचारत बसाल तर या भागात एचपीव्हीची लस दहा वर्षांतही पूर्ण होणार नाही. आश्रमशाळेत अधीक्षकाची सही घ्या, रांग लावा, टोचा आणि मोकळे व्हा." आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात अलीकडे हे मत एका शिकल्यासवरल्या, आरोग्याच्या कामात मुरलेल्या गृहस्थांकडून ऐकले आणि डोके तापले. त्यांचे म्हणणे असे, की नवेगाव बांधच्या आसपासचा गोंड, ढिवर, कोहळी पालक अडाणी आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हणजे काय ते त्याला कळत नाही, तो घडवणारा एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो असे सांगितले तर तो पोरीला घरी घेऊन जातो, आणि रोवणीच्या दिवसांत तर तो भेटतच नाही. तेव्हा न सांगता टोचणे हेच त्याच्या मुलीच्या भल्याचे.

ज्या कोहळ्यांनी डोंगरांमध्ये बांध घालून नवेगावचा तलाव उभा केला, त्यांच्या वंशजांना एका सुईचे कारण समजणार नाही? समजावणाऱ्याला वेळ नाही, असे सरळ म्हणावे.

लसीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि सुमारे 80 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जगभरात असे सुमारे सत्तर टक्के कॅन्सर एचपीव्हीच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे होतात, आणि लस या दोघांनाही अडवते. म्हणूनच ही सहीची पळवाट मला घातक वाटते. ती एकदा वापरून झाली आहे.

2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या सुमारे 24 हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममधल्या अनेक मुली आदिवासी होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. पुढे सात मुलींचे मृत्यू झाल्याचे उघड झाले आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. एक मुलगी पाण्यात बुडून गेली होती, एक साप चावून. पण संमतीची कागदपत्रे उघडली तेव्हा काय निघाले? आंध्रातल्या तपासलेल्या 9,543 अर्जांपैकी 2,763 अर्जांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या, आणि 1,948 अर्जांवर नुसते अंगठे. पोर गेलेल्या आईला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार, की लसीचा दोष नव्हता? तिला आधी कुणी काही सांगितलेच नव्हते. त्या अविश्वासाची झळ 2013 साली संसदीय समितीच्या अहवालापर्यंत पोचली आणि लस वर्षानुवर्षे मागे पडली. एका सहीने वाचवलेला अर्धा तास देशातल्या मुलींना एवढा महाग पडला.

त्याच धक्क्याने देशात चाललेल्या दुसऱ्या एका अभ्यासातले लसीकरणही अर्ध्यात थांबले. बार्शी आणि पुणे ही त्या अभ्यासाच्या केंद्रांपैकी होती. त्यामुळे काही मुलींना एकच डोस मिळाला होता. त्यांच्यावर दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर 2021 मध्ये दिसून आले, की एक डोसही जवळपास दोन किंवा तीन डोसांइतकेच संरक्षण देतो. ते ज्ञान हाती आले, कारण त्या मुली आणि त्यांचे आईबाप वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिले. अडाणी म्हणून हिणवलेल्या पालकांनीच हे घडवले.

धाकदपटशाचा मोह आपल्याकडे जुनाच. 1976 ची नसबंदी खेड्यापाड्यांतून अजून विसरलेली नाही. 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात कोविडची लस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. आकडे वाढले असतील. पण पुढची सुई घेऊन आलेल्या नर्सबाईकडे लोक कोणत्या नजरेने बघतात, ते आदेश काढणाऱ्याला बघावे लागत नाही.

राहिले विषाणू कसा पसरतो ते लपवण्याचे. लपवलेले मोबाइलवर अर्ध्या तासात कळते, तेही वाकडे होऊन. आणि रोवणीचे म्हणाल, तर ती दरवर्षी ठरल्या वेळीच येते.

मग करायचे काय? दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची असतेच. नर्सबाईने त्याच सुरात सांगावे, "आता हिची कॅन्सर टाळणारी लसही घ्यायची आहे." पालकांशी बोलायला भीतभीत, चाचरत सुरुवात केली तर पालकही चाचरतात. आणि मग थांबावे, प्रश्न येऊ द्यावा. तो बहुधा एकच असतो, आणि आई तो आवाज उतरवून विचारते: "बाई, पोरीले पुढं लेकरं होतीन ना?" या प्रश्नाला हसायचे नाही. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या वरच्या कवचासारखे प्रथिन असते. तिने वंध्यत्व येते याला पुरावा नाही. उलट कॅन्सर झाला तर बहुतेकदा गर्भाशय काढावे लागते किंवा किरणांचा शेक द्यावा लागतो, आणि आई होण्याची शक्यता तिथे संपते. हे एवढे शांतपणे सांगायला दहा मिनिटे पुरतात. दंड दुखेल, कदाचित ताप येईल, एखादी मुलगी घाबरून चक्कर येऊन पडेल, म्हणून अर्धा तास बसवून ठेवू, हेही आधीच सांगावे. मुलीलाही विचारावे, दंड तिचा आहे. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावी लागेल, हेही लपवू नये.

आश्रमशाळेत पोरीला सोडायला जूनअखेर आईबाप स्वतः येतात. संमतीचा कागद त्या दिवशी हातात द्यावा, वाचून दाखवावा, घरी नेऊ द्यावा. जे नाही म्हणतील त्यांची नावे ग्रामसभेत वाचू नयेत. ही लस मुख्यतः नऊ ते चौदा या वयात दिली जाते, म्हणजे हाताशी वेळ आहे. धान चुरून झाले की आशाताईने त्यांच्या घरी पुन्हा जावे.