उंदरावर चाललं, मग माणसावर चालेल का?

"उंदरांवरील प्रयोग यशस्वी" अशी बातमी तुम्ही वर्तमानपत्रात नेहमी वाचता. ती वाचली की घरात कुणीतरी म्हणतंच, आता हा रोग गेला म्हणून समजा! माझं मत विचाराल तर या बातमीवर इतक्या लवकर विश्वास ठेवू नये. आणि उंदरावर काही घडलं नाही, म्हणून औषध निकामीही ठरवू नये. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाची गोष्ट पाहा.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध बाजारात आलं. उंदरांना भरमसाट डोस दिले तरी ते मरत नव्हते, म्हणून ते अगदी निर्धोक मानलं गेलं. गरोदर स्त्रियांनी मळमळीवर ते घेतलं. जगभरात सुमारे १०,००० मुलं हातापायांची वाढ न झालेली जन्मली. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतलं गेलं. पुढे तपासलं तेव्हा सशांच्या पिल्लांत तसंच व्यंग दिसलं, उंदरांच्या पिल्लांत मात्र नाही. म्हणजे ज्या प्राण्यावर भरवसा ठेवला, तोच इथे कामाचा नव्हता!

पण गोष्ट इथे संपत नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनेने तळमळणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून हेच औषध दिलं. झोप तर लागलीच, शिवाय अंगावरच्या गाठी आणि सूजही उतरली. झोपेचं औषध रोगप्रतिकारक पेशींवर काम करत होतं. पुढे कळलं, की माणसाच्या टी पेशींची वाढ ते वाढवतं. त्याचंच भावंड असलेलं लेनालिडोमाइड आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर देतात.

गंमत म्हणजे उंदराच्या पेशींवर लेनालिडोमाइडचा हा परिणाम जवळजवळ होतच नाही. का? हे औषध पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हा शोध जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये लावला. माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये एका ठिकाणी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये तिथे आयसोल्यूसिन. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतला एवढासा फरक! केवळ उंदरावरून ठरवलं असतं, तर मायलोमाच्या कितीतरी रुग्णांना हे औषध मिळालंच नसतं.

काही जण यावरून म्हणतील, मग प्राण्यांवरचे प्रयोग बंदच करा. मला ते पटत नाही. एका प्राण्यावर थांबू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि आपल्या शाळेत 'औषधाची चाचणी प्राण्यांवर करतात' एवढंच वाक्य पाठ करून घेतात. कोणता प्राणी, किती डोस, गाभण मादीवर तपासलं का, हे विचारायला कुणी शिकवत नाही. ते मात्र खटकतं.

आता शास्त्रज्ञ उंदराच्या जनुकात तेवढा एकच बदल करतात. आयसोल्यूसिनच्या जागी व्हॅलिन आलं, की उंदराच्या पेशीही औषधाला दाद देऊ लागतात.