अंग चोरणारे कासव

व्यापारी कुटुंबांत कासव शुभ मानले जाते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील कितीतरी दुकानांच्या गल्ल्याजवळ पाण्याच्या ताटलीत धातूचे कासव ठेवलेले आढळते. काही घरांत काचेच्या पेटीत जिवंत कासवही असते. पाहुणे आले की मुले ते तळहातावर घेऊन सर्वांना दाखवतात. कासव मान आत घेते, पाय आखडते. ‘लाजले’ म्हणून घरातील मंडळी हसतात आणि पाठीवर टिचक्या मारून त्याला बाहेर बोलावतात. वस्तुतः ते लाजलेले नसते. ते भ्यालेले असते.

कासवाला पळता येत नाही, दातही नसतात. त्याचे सारे संरक्षण पाठीवरच्या ढालीत आहे. मान झटकन आत ओढली की फुप्फुसांतील हवा दाबली जाऊन बाहेर पडते आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो. लोक त्याला राग समजतात. तो भयाचा उच्छ्वास असतो. उचलल्यावर ते हवेत पाय मारते, कारण निसर्गात कासवाचे पाय जमिनीवरून सुटतात ते बहुधा शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावरच. त्यातूनही सुटका झाली नाही, तर ते नखांनी ओरबाडते, चोचीसारख्या कठीण जबड्याने चावते किंवा मूत्र सोडते. जमिनीवर राहणाऱ्या कासवाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट विशेष हानिकारक आहे, कारण शरीरात साठवलेले पाणी त्यातून निघून जाते.

कवच म्हणजे निर्जीव टरफल, हाही एक गैरसमज आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचातच जुळलेल्या असतात. वरच्या पापुद्र्याखाली जिवंत हाड असते. टिचकी, ओरखडा, स्पर्श हे सारे कासवाला कळते. त्यावर रंग लावणे किंवा नाव कोरणे ही पीडाच आहे.

वीसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रत स्वामी यांचे लांछन कासव आहे. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमाच्या चौथ्या अध्ययनातही दोन कासवांचा दृष्टांत येतो. दोन कोल्ह्यांना पाहून दोन्ही कासवे अंग आवरून घेतात. कोल्ह्यांचे काही चालत नाही, म्हणून ते दूर जाऊन दबा धरून बसतात. एक कासव उतावीळपणे एकेक पाय बाहेर काढते आणि प्राणास मुकते. दुसरे दीर्घकाळ स्थिर राहते, चारी दिशा न्याहाळते आणि मगच डोहाकडे धाव घेते. उपदेश इंद्रियसंयमाचा आहे; परंतु तो उभा आहे प्राण्याच्या अचूक निरीक्षणावर. मान कधी बाहेर येते याची वाट पाहत पेटीवर वाकलेले मूल कौतुकाने बसलेले असते. कासवाला मात्र ते कौतुक कळत नाही. त्याला केवळ दबा धरलेला कोल्हा दिसतो.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत वध आणि छेद यांच्याबरोबर बंधही गणला आहे, अन्नपाण्याचा निरोधही गणला आहे. काचेच्या पेटीत हे दोन्ही नकळत घडतात. बाजारात सर्रास मिळणारे, कानाजवळ तांबडा पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेतील आहे. खरेदीच्या वेळी रुपयाएवढे असलेले हे पिल्लू पुढे ताटलीएवढे होते आणि दोन-तीन दशके जगते. लहान वयात त्याचा आहार मुख्यतः मांसाहारी असतो. शाकाहारी घरात त्याला केवळ पालेभाजी घालणे म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणे होय. म्हणून विकत न घेणे हीच खरी जीवदया.

घरात आधीच असेल, तर ते जयणेने सांभाळावे. पाणी बदलणे किंवा वैद्याकडे नेणे याशिवाय त्याला हात लावू नये. वरून झडप घालू नये. दोन्ही हातांनी, पुढच्या व मागच्या पायांच्या मधोमध, पोटाला आधार देऊन जमिनीलगत उचलावे. उलटे करू नये. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या याच बाधेमुळे अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. हाताळूनही अंग न चोरणारे कासव माणसाळले असे लगेच मानू नये. ते सुस्त असेल, खात नसेल, तर आजारी असण्याचा संभव आहे.

पुण्य म्हणून ते पवईच्या किंवा अन्य तलावात सोडणे हेही अभयदान नव्हे. परदेशी कासव तेथील मूळच्या कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा बळकावते. एका जीवाला दिलेले अभय दुसऱ्या अनेकांचे भय होते. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतील मऊ पाठीचे कासव तर घरात ठेवणे हाच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. असे कासव आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मराठी संतवाङ्मयात कासवीविषयी एक सुंदर कल्पना आहे: ती पिलांना दुरून, केवळ दृष्टीने पोसते. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ही कल्पना टिकणार नाही. परंतु घरातील कासवाशी कसे वागावे, हे तीत नेमके सांगितले आहे. त्याला हातांची माया नको असते. दुरून पाहणारी, न शिवणारी दृष्टी त्याला पुरते.