माती म्हणजे घाण नव्हे!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. एरवी मी लोणच्याच्या फोडी, मोगऱ्याच्या कळ्या, नातवंडांचे उद्योग असलं काहीबाही लिहिते आणि तुम्ही ते गोड मानून घेता. आजचा विषय तोच आहे, सूर मात्र वेगळा आहे. माझ्या नातेवाइकांना हा सूर चांगला ओळखीचा आहे. त्यांनी आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावं.

मुद्दा सरळच सांगते. घराभोवतीची माती म्हणजे घाण, झाडाची गळलेली पानं म्हणजे कचरा आणि बागकाम म्हणजे रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा विरंगुळा, असं मानणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. नुसत्या तरुणांना नावं ठेवत नाही, माझ्या वयाचेही त्यात भरपूर आहेत. या लोकांना बाग हवी असते, पण ती फोटोतल्यासारखी. पान गळू नये, चिखल होऊ नये, मुंगी दिसू नये. अशी बाग फक्त प्लास्टिकची असू शकते, आणि आता तीही मिळते म्हणे, मीटरवर!

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला साठ फूट लांब आणि दहा फूट रुंद असा मातीचा पट्टा आहे. त्यात एक शेवगा, दोन पेरू, कढीपत्ता, जास्वंदी, गवती चहा आणि पाण्याच्या नळाजवळ अळू. गेली पंचवीस-तीस वर्षं आम्ही चार-पाच घरं मिळून तो सांभाळतो. आता येत्या सभेत ठराव येणार आहे की हा पट्टा सपाट करून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत, आणि फाटकाजवळ कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा टाकून चार कुंड्या ठेवाव्यात. ठरावाच्या बाजूने सह्या करणाऱ्यांत आमचे चिरंजीवही आहेत. म्हणजे भांडण दाराबाहेर नाही, आमच्या जेवणाच्या टेबलावरच आहे. म्हणूनच सविस्तर लिहिते. तोंडी सुरू केलं की "आई, तू चिडू नकोस" एवढ्यावरच चर्चा संपते!

पहिला आक्षेप कचऱ्याचा. फाल्गुनात पानगळ होते, झाडणाऱ्याला त्रास होतो, ढीग साचतो. खरं आहे. मग काय करतात? ढिगाला काडी लावतात. धूर वर जातो, तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला खोकला होतो आणि सगळे म्हणतात, हवा फार खराब झाली आहे हो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली आणि साध्या जाळण्याला पाच हजार रुपये दंड ठरवला. तरी काडेपेटी काही थांबली नाही.

आम्ही काय करतो ते सांगते, कारण त्यात काहीही कठीण नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी घ्यायची, तिचा तीन फूट रुंदीचा गोल पिंजरा करायचा. त्यात सुक्या पानांचा जाड थर, वर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा पातळ थर, वर पुन्हा पानं. अधूनमधून शेण कालवलेलं पाणी किंवा आंबट ताकाचं पाणी शिंपडायचं, ओल राखायची आणि महिन्यातून एकदा वरखाली करायचं. सुक्या पानांत कर्ब भरपूर, ओल्या कचऱ्यात नत्र. दोन्ही एकत्र आले की जिवाणू आपलं काम चोख करतात. फाल्गुनात भरलेला पिंजरा दिवाळीच्या सुमारास उघडावा. काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाचा वास येणारी माती मिळते. घाण वास आला तर ओलं जास्त झालं असं समजावं आणि वर दोन पाट्या सुकी पानं टाकावीत. एवढंच शास्त्र.

गंमत अशी की जे लोक पानं जाळतात तेच लोक रविवारी नर्सरीत जाऊन खताची पिशवी आणि नारळाच्या काथ्याची वीट विकत आणतात. घरचं सोनं जाळायचं आणि बाजारातलं पितळ आणायचं! श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून आयुष्यभर हेच तर सांगितलं. सूर्यप्रकाश फुकट आहे, पान हा त्याचा साठा आहे, तो मातीला परत द्या. ते गणिताचे मास्तर होते, हिशेब चुकणारे नव्हते.

दुसरा आक्षेप डासांचा. हा ऐकला की माझ्यातली शिक्षिका जागी होते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेली टाकी, फ्रिजमागचा ट्रे. पाणी शोषून घेणाऱ्या भुसभुशीत मातीत त्याला जागाच नसते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा असं सांगतात. तेव्हा डासांसाठी ताटल्या रिकाम्या करा, माती झाकू नका. उलट पेव्हर ब्लॉक दोन वर्षांत कुठेतरी खचतात आणि त्या खळग्यात पाणी साठतं. पुढच्या इमारतीत जाऊन बघून या.

तिसरा मुद्दा त्यांच्या बाजूचा नाही, माझा आहे. पाण्याचा. मी अनेक वर्षं मराठीबरोबर भूगोलही शिकवला, तेव्हा फळ्यावर मांडावं तसं मांडते. साठ गुणिले दहा म्हणजे सहाशे चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ५६ चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ५६० लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर या एवढ्याशा पट्ट्यावर सुमारे ३९ हजार लिटर पाणी पडतं. आज त्यातलं बरंचसं मुरतं. फरशी घातली की ते गटारात जाणार आणि मे महिन्यात आपण टँकरवाल्याला फोन लावणार. गेल्या उन्हाळ्यात किती टँकर आणले ते खजिनदारांनी सभेत जरूर सांगावं.

२००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. आमच्या साठ फुटांनी असा पूर अडणार नाही हे मला कळतं. पण शहर म्हणजे असेच हजारो साठ-साठ फुटांचे तुकडे! प्रत्येकाने 'माझ्या एवढ्याने काय होतंय' म्हणत आपापला तुकडा झाकला की पाण्याला जायला रस्ताच उरतो. मग ते रस्त्यावरूनच जातं.

झाडांचंही तेच. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलं की मुळांना पाणी नाही, हवा नाही. मग वळवाच्या एका वादळात झाड गाडीवर पडतं आणि 'झाडं धोकादायक आहेत' असा ठराव पुढच्या सभेत येतो! दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढा असा आदेश २०१३ साली हरित लवादाला द्यावा लागला. लवादाने सांगेपर्यंत थांबायला आपण लहान मुलं आहोत का?

आता खरा आक्षेप. "आई, हे सगळं ठीक आहे, पण वेळ कुणाला आहे?"

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. बाग वेळ खाते असं तुम्ही समजता. माझ्या मते आपल्या घरात सगळ्यांनी मिळून करायची जी दोन-चार कामं शिल्लक आहेत, ती बागेमुळेच आहेत.

बघा ना. मृग लागला की घोसाळं, दोडका, काकडी यांच्या बिया लावायच्या. बी पुरायचं काम नातवाचं, कारण त्याची बोटं बारीक आणि उत्साह मोठा. आषाढात गेल्या वर्षीच्या सुकवलेल्या झेंडूचं बी पेरलं की दसऱ्याला दाराचं तोरण घरचं. श्रावणात अळू माजतं. काळ्या देठाचं वडीला, पांढऱ्या देठाचं फतफत्याला, आणि चिंच घातल्याशिवाय ते घशाला खाजणार हे नातीला शिकवायला पुस्तक लागत नाही. शुक्रवारी जिवतीला आघाडा, दुर्वा, केना हवा. तो पेरावा लागत नाही, माती उघडी असली की आपला आपण उगवतो. गणपतीच्या पत्रीचं पुडकं बाजारात मिळतं, पण त्यातलं माका कुठलं आणि शमी कुठली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

कार्तिकात तुळशीचं लग्न. थंडीत मेथी, मुळा, कोथिंबीर. धणे रगडून त्यांच्या दोन फोडी केल्याशिवाय पेरायचे नाहीत, हे काम आमच्या ह्यांचं. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही, पण खुर्चीत बसून पोळपाटावर चपलेच्या तळाने धणे रगडणं हा त्यांचा मान आहे (चप्पल त्यासाठीच वेगळी ठेवली आहे, काळजी नसावी). पौषात भोगीची भाजी. माघ-फाल्गुनात शेवग्याच्या शेंगा, त्या आकडीने काढायला मात्र चिरंजीवच लागतात. चैत्रात पालवी आणि मोगरा. वैशाखात पानांचं आच्छादन घालून मुळं गार ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी.

यात ऐंशीच्या घरातल्या माणसापासून नऊ वर्षांच्या मुलापर्यंत प्रत्येकाला काम आहे. कुणाच्या हाताशिवाय कुणाचं अडतं. आज घरात असं दुसरं काय आहे सांगा. टीव्हीला माझी गरज नाही, मोबाईलला तुमच्या बाबांची गरज नाही. आम्हाला "तुम्ही आता आराम करा" असं प्रेमाने सांगितलं जातं. आराम फार झाला की माणूस घरातल्या फर्निचरसारखा होतो. हे कडू वाटेल, पण आमच्या वयाच्या कुणालाही विचारा.

माझी भाची टोरांटोला असते. तिथे मेच्या शेवटापर्यंत थंडीच्या धाकाने बाहेर नाजूक रोप लावता येत नाही. हिवाळाभर ती कढीपत्त्याची कुंडी खिडकीशी घेऊन बसते, लेकरासारखी. मेथी आणि कोथिंबिरीसाठी तिला जेमतेम चार-पाच महिने मिळतात, तर त्या दिवसांत अख्खं घर मातीत हात घालतं. आणि आपल्याला बारा महिने ऊन आहे तर आपण फरशी बसवणार!

आणखी एक आठवण करून देते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सगळं बंद होतं, भाजीवाला फाटकापाशीही येत नव्हता. तेव्हा याच पट्ट्यातला शेवग्याचा पाला, कढीपत्ता, गवती चहा, अळू तिन्ही इमारतींत गेलं. "काकू, चार पानं मिळतील का?" म्हणणारे आवाज मला नावानिशी आठवतात. नावं लिहीत नाही. पण त्यातल्या काहींच्या सह्या या ठरावावर पाहिल्या आणि वाईट वाटलं.

राहिला पार्किंगचा प्रश्न. तो खरा आहे, मी नाकारत नाही. गाड्या वाढल्या, जागा वाढली नाही. पण साठ फुटांत एकामागे एक अशा तीनच गाड्या उभ्या राहतील. तीन गाड्यांसाठी तीस वर्षांची झाडं? फारच निकड असेल तर पुढच्या वीस फुटांत चाकांपुरत्या दोन पट्ट्या दगडी करा, मध्ये माती आणि गवत राहू द्या. झाडांभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, ती काढली आहे का तेही सभेला सांगा. झाडलोटीचा त्रास होतो ना? आम्ही चार घरं पान गोळा करायचं लिहून देतो. पिंजरे आमच्या खर्चाने.

एवढं देऊनही ज्यांना फरशीच हवी असेल त्यांनी निदान कारण खरं सांगावं. डास नाही, कचरा नाही, वेळ नाही. आपल्याला मातीत हात घालायची लाज वाटायला लागली आहे, एवढंच. शाळेत मुलांचे हात मळले तर आम्ही धुवायला सांगायचो, हात कापून टाका असं कधी सांगितलं नाही.

सभा पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे. चिरंजीव, हे वाचत असशील तर तुझ्या सहीबद्दल माझा राग नाही, तुझी अडचण मला दिसते. पण मतदानाला हात वर करण्याआधी एकदा नातीला विचार की अळूवडीचं अळू कुठून येतं. ती तुला जागा नेऊन दाखवेल. तिच्या मुलीलाही दाखवता यावी, एवढंच माझं मागणं आहे.

इतर वाचकांनो, तुमच्याही सोसायटीत असा ठराव येईल, आज नाही तर उद्या. तेव्हा घरी बसून हळहळू नका, सभेला जा. आणि सध्या पानगळ चालू आहे, तर या आठवड्यात निदान एक जाळी विकत आणा.