आधी पूररेषा, मग पेठ

व्यापार आणि वस्ती एकाच भागात नांदविणारी नगररचना ही पाश्चात्त्यांची देणगी होय, असा समज अलीकडे रूढ होत आहे. साताऱ्याच्या पेठांत वाढलेल्यास त्याचे हसू येईल. खाली दुकान आणि माडीवर बिऱ्हाड ही आमची जुनीच रीत. सांगलीची गणपती पेठही याच रीतीने भरभराटली.

परंतु सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसले आहे, सांगली कृष्णेच्या सखल काठी. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ सालीही बाजारपेठेने महापूर पाहिला. अशा वेळी खालचे दुकान बुडते आणि माडीवरचे कुटुंब अडकते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, नव्या वसाहतीचा आराखडा रस्त्यांपासून नव्हे, पूररेषेपासून आखावा. निळ्या रेषेच्या आत नवी इमारत नको. नाल्यांवर भराव तर नकोच. त्यापलीकडील पूरप्रवण पट्ट्यात तळमजला मोकळा ठेवून दुकाने वर न्यावीत. गिऱ्हाईक जिना चढत नाही, ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे. तिची भरपाई वाढीव चटईक्षेत्राने करावी.

१९६६ च्या नगररचना कायद्याने नागरिकांस हरकत नोंदविण्याचा हक्क दिला आहे. तो त्यांनी वेळीच बजावावा. कृष्णामाई हरकतीचा अर्ज करीत नाही. ती स्वतःच येते.